पिंपातली घंटी

सोमवार, ४ तारीख

तात्पुरते संगोपक यांस,

गेल्या मंगळवारी टेम्पोने आपल्याकडे पाठवलेल्या जनावराबाबत हे पत्र आहे. नोंद क्रमांक दोनशे चौदा. गाढव, नर, रंग राखाडी, वय अंदाजे बारा, डाव्या कानाला खाच. पुराच्या पाचव्या दिवशी बंधाऱ्यावरून बोटीने आणलेलं. मालकाचा पत्ता लागलेला नाही.

पुढील माहिती कळवावी. जनावर खातं का. पाणी पितं का. मागच्या पायाची जखम सुकली का. चालताना काही वेगळं करतं का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर द्यावं.

नोंदणी विभाग,
जनावरांची छावणी, जुना बस डेपो

ता. क. चाऱ्याचा टेम्पो एक दिवसाआड आपल्या दाराशी थांबतो. ड्रायव्हरकडे चिठ्ठी दिली तरी चालेल.

आणखी एक. छापील फॉर्म संपलेत म्हणून हाताने लिहिलं. अक्षर ओळखलं असशील.


बुधवार, ६ तारीख

धाकट्या,

ड्रायव्हर रिकाम्या हाताने परत आला. मी विचारलं तर म्हणाला, "मालकांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. मी म्हटलं, काही उत्तर? तर म्हणाले, चारा उतरव."

खिशात ठेवलंस. फाडलं नाहीस. एवढ्यावर मी दुसरं लिहायला घेतलंय.

फोन करता आला असता. नंबर तुझ्या अर्जावर आहे. पण आवाज ऐकून तू ठेवून दिला असतास, आणि उचलून धरला असतास तर मला बोलता आलं नसतं. कागद बरा.

तुझा अर्ज माझ्याच हातात पडला. सगळे माझ्याच हातात पडतात, पुरातून आणलेलं जनावर सांभाळायला कोण तयार आहे त्याची यादी मी करते. बाकीच्यांनी पानभर लिहिलं होतं. आमची मुलं प्रेमळ आहेत, अंगण मोठं आहे. तू लिहिलंस : कोणतंही जनावर चालेल. एकच. शेळी नको.

ते मी उभ्यानेच वाचलं. मग डेपोला एक चक्कर मारून आले आणि पुन्हा वाचलं.

इथे मी तिकिटाच्या खिडकीत असते. खुर्ची आहे, पण बसवत नाही. खिडकीच्या फळीवर कागद ठेवून लिहितेय. समोर अकरा फलाट. भिंतीवर अजून गाड्यांची वेळापत्रकं आहेत आणि खाली गाई. चौथ्या फलाटावर कुत्री, सातव्यावर डुकरं. गाड्यांखाली उतरून काम करायचे खड्डे फळ्यांनी झाकलेत. दिवसभर कुणीतरी ओरडतं, कुणीतरी साखळी ओढतं, आणि संध्याकाळी मी घरी गेल्यावरही ते कानात चालू राहतं. आई म्हणायची ना, हिच्या पायाला भिंगरी आहे. आता सगळ्या डेपोच्याच पायाला आहे.

कामाचं सांगते. सहाव्या फलाटावर एक घोडी आहे. दोनशे पंधरा. तुझ्या गाढवाच्या पुढचाच आकडा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, काही दिसत नाही. ती खात नाही. बादली ओठाला लावली तर चार घोट पिते. दिवसभर डावीकडून गोल फिरते आणि प्रत्येक फेरीला खांबावर कपाळ आपटते. खांबाला आम्ही गोणपाट गुंडाळलं. आता ती गोणपाटावर आपटते.

काल एक बोटवाला आपली गाय शोधायला आला होता. तिच्यापाशी थांबला आणि म्हणाला, "हिचं गाढव कुठाय?"

बंधाऱ्यावर ही दोघं होती म्हणे. चहूकडे पाणी, गाढव पुढे, घोडी मागे, तिची हनुवटी त्याच्या पाठीवर. गाढवाच्या गळ्यात घंटी होती. पावसात काही दिसत नव्हतं. घंटी ऐकून यांनी बोट वळवली.

आंधळी घोडी घंटीच्या मागे चालायची. आणि आमच्या फाटकात पाऊल टाकलं की पहिला नियम, गळ्यातलं सगळं काढायचं. पट्टे, दोर, घंट्या. पुरात कितीतरी जनावरं दोर अडकून गुदमरली, शिवाय ओल्या चामड्याखाली किडे पडतात. काढायचं, औषधाच्या पिंपात टाकायचं. नियम चांगला आहे. मीच लिहिला.

दोघं एकत्र आहेत हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणून विचारलं, गाढव चालताना काही वेगळं करतं का.

तुझी बहीण


शुक्रवार, ८ तारीख

धाकट्या,

चिठ्ठी मिळाली. चाऱ्याच्या पावतीच्या पाठीवर दोन शब्द : "अडला हरी."

पुढचं तू लिहिलं नाहीस. गाढवाचे पाय मी धरलेच आहेत, लिहायची गरज नव्हती.

मी हसले. मोठ्याने हसले असणार, कारण कंडक्टर धावत आला. हा खरंच कंडक्टर होता, याच डेपोत तीस वर्षं, आता निवृत्त. पूर आल्यावर डेपो उघडला आणि हा आपला आत आला, जणू रजा संपली. जनावरांना अजून तसंच हाकतो. "पुढे सरका, पुढे सरका, मध्ये जागा आहे." मला वहीताई म्हणतो. नोंदवही माझ्या काखेतून सुटत नाही म्हणून.

"काय झालं वहीताई? कुणाचा मालक सापडला?"

"भावाचं पत्र आलंय."

"दाखवा." वाचलं, पावती उलटून बघितली. "बाकीचं कुठाय?"

"एवढंच."

"किती वर्षांनी?"

"नऊ."

तो म्हणाला, "मग बरंच लिहिलंय की."

चालण्याचं मात्र तू सांगितलं नाहीस. ते मला हवंय. त्या मंगळवारी पाठवताना ते टेम्पोत चढत नव्हतं. चौघांनी ढकललं. कंडक्टर म्हणाला, "गाडी चुकीची आहे असं म्हणतंय ते." आम्ही हसलो होतो.

घोडीने आज पाव पेंढी खाल्ली. बहुतेक सांडली.

तुझी बहीण


सोमवार, ११ तारीख

धाकट्या,

तुझी चिठ्ठी चार वेळा वाचली. "थांबतं. दहा पावलांवर. मागे बघतं. मग कितीही ओढा, हलत नाही. मला वाटलं पाय दुखतोय."

पाय दुखत नाही. ते वाट बघतंय.

हे वाचून मी तडक सहाव्या फलाटावर गेले. घोडी फेरी घालत होती. मी तिच्यापुढे दहा पावलं चालले आणि थांबले. काही नाही. तिला मी ऐकूही आले नसेन, डुकरांचा एवढा आरडाओरडा.

आता नीट ऐक. येत्या वीस तारखेला डेपो रिकामा करायचा आहे. एकवीसला बसगाड्या सुरू होतील. उरलेली जनावरं जिल्ह्याच्या छावणीत जातील, पण जी खात नाहीत, चालत नाहीत, गाडीत चढत नाहीत, त्यांना तिथे घेत नाहीत. त्यांची वेगळी यादी होते. डॉक्टर वीसला सकाळी इंजेक्शनं देणार. यादीत पाच जनावरं आहेत. चार खरंच सुटकेला आलीत, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पाचवी दोनशे पंधरा.

गाढव परत पाठव. टेम्पो मी रिकामा पाठवते. दोन दिवस ती त्याच्या मागे चालली, खाऊ-पिऊ लागली, तर यादीतून निघेल आणि दोघं एकत्र छावणीत जातील. तुला त्रास नको.

बुधवारी टेम्पो येतोय. दावं तेवढं मऊ लाव, मानेवर केस गेलेत त्याच्या.

तुझी बहीण


गुरुवार, १४ तारीख

धाकट्या,

टेम्पो रिकामा आला. चिठ्ठी मिळाली. "गाढव देणार नाही. आत्ता कुठे गोठ्यात निजायला लागलंय, त्याला पुन्हा त्या गोंगाटात उभं करणार नाही. यादीवर सही कुणाची?"

सही माझी.

यादी मी करते, डॉक्टर तपासतात, खाली सही माझी. इथेही तेच, तेव्हाही तेच.

तू हे घोडीचं विचारलंस की तेव्हाचं, मला कळलं नाही. सकाळपासून पाच वेळा लिहायला घेतलं. मध्ये दोन गाई सोडवून आले, एका बाईला तिची मांजर दाखवली, ती तिची नव्हती. आता खिडकी बंद करून लिहितेय. बाहेर लोक काच वाजवतायत.

शेळ्यांत साथ आली तेव्हा नियम असा होता की बाधित गोठ्यापासून तीन किलोमीटरच्या आतली प्रत्येक शेळी मारायची. तुझा गोठा पावणेतीनवर होता. रक्ताचे नमुने गेले होते. तू फाटकात उभा राहिलास आणि म्हणालास, "ताई, एक दिवस थांब."

नियमात एक दिवस थांबायची मुभा होती. तुला माहीत नव्हतं. मला होतं. आदल्याच आठवड्यात एका म्हातारीसाठी मी थांबले होते. दुसऱ्या कुणाचा गोठा असता तर थांबले असते. तू भाऊ होतास म्हणून थांबले नाही. खात्यातली सहा माणसं माझ्याकडे बघत होती. बहिणीने भावाला सूट दिली असं कुणी म्हणू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी सही केली आणि पेन तुझ्याच फाटकाच्या खांबावर विसरले.

चौतीस शेळ्या. त्यांतल्या नऊ गाभण होत्या. त्याला यादीत रकाना नव्हता.

अहवाल तिसऱ्या दिवशी आला. शेळ्या निरोगी होत्या. तो कागद मी अकरा दिवस खणात ठेवला. तुला तो कंपाउंडरकडून कळला, चारचौघांत, पानाच्या ठेल्यापाशी. लोकांना मी सांगत आले की भाऊ शेळ्यांवरून बोलायचा थांबला. तू शेळ्यांवरून थांबला नव्हतास. त्या अकरा दिवसांवरून थांबलास. हे मला नऊ वर्षं ठाऊक आहे.

आणि दुसरं. गेल्या आठवड्यात लिहिलं ते खोटं होतं.

दोघं एकत्र आहेत हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. बोटवाल्याने पहिल्याच दिवशी उतरवताना सांगितलं होतं, "ताई, ही जोडी आहे बरं का, फोडू नका." मी दोनशे चौदाच्या पुढे पेन्सिलीने "जोडी?" असं लिहिलं. प्रश्नचिन्हासकट. मग तुझा अर्ज आला. कोणतंही, एकच.

तुला लिहायला मला काहीतरी हवं होतं. गाय पाठवली असती तर तू निमूट सांभाळली असतीस आणि काही बोलण्यासारखं राहिलं नसतं. गाढव पाहिलं की निदान हसशील असं वाटलं. शाळेत मास्तर तुला काय म्हणायचे ते आठवलं. मी "जोडी?" खोडलं आणि गाढव टेम्पोत चढवलं. ते चढत नव्हतं तेव्हा ढकलणाऱ्या चौघांत मी होते.

मुक्या जनावराच्या आडून पत्र लिहिलं, त्यापायी दुसरं मरायला टेकलंय. गाढव मागायचा हक्क मला नाही. तू देत नाहीस ते बरोबर आहे.

काच फोडतील आता. थांबते.

ताई


रविवार, १७ तारीख

धाकट्या,

काल टेम्पो तुझ्याकडून काहीच न घेता आला. ड्रायव्हर म्हणाला, "पत्र तिथेच उभ्याने वाचलं. मग गाढवाकडे गेले. मी हाक मारली तर वळले नाहीत."

मी उत्तर मागत नाहीये. इथे काय झालं ते सांगते.

शुक्रवारी एका जागी थांबवेना. औषधाच्या पिंपावरचं झाकण काढलं आणि दोन्ही हात घालून सगळं फरशीवर ओतलं. पट्टे, चामड्याच्या वाद्या, दोर, आणि घंट्या. पितळी, लोखंडी, एक नुसता पत्र्याचा डबा आणि आत खिळा. कंडक्टर आला.

"वहीताई, काय हे? दुकान मांडताय?"

"कुठलीतरी एक त्या गाढवाची आहे."

"चिठ्ठी नाही लावली?"

"नाही लावली." सगळ्याला आकडे लावणारी बाई मी. घंट्यांना लावले नाहीत. घंटी म्हणजे जनावर नव्हे, असं वाटलं.

तो खाली मांडी घालून बसला. एकेक उचलून फडक्याने पुसायला लागला. त्रेपन्न घंट्या. मग आम्ही फलाटावर गेलो. तो घोडीपासून दहा पावलांवर उभा राहून वाजवायचा, मी तिचे कान बघायचे. कानच बघायचे, बाकी ती सगळीच हलत होती. तीस घंट्या झाल्या. तो म्हणाला, "माझ्या नोकरीत एवढ्या घंट्या एका दिवसात मारल्या नाहीत. आणि तेव्हा गाडी तरी सुटायची."

दुपारी डॉक्टर येऊन बघून गेले. "मॅडम, सोडा आता," म्हणाले. तुच्छतेने म्हणाले नाहीत. माणूस चांगला आहे, अठरा दिवसांत घरी गेलेला नाही.

सदतिसावी घंटी अगदीच साधी होती. लोखंडी, एका बाजूला चेपलेली. वाजली म्हणजे खणखणली नाही, घसा बसलेल्या माणसासारखी खरखरली. कंडक्टरने ती बाजूलाही टाकली होती, "ही मेली" म्हणून. मी म्हटलं वाजवा तरी.

घोडी थांबली. फेरीच्या मध्येच. एक कान वळला, मग दुसरा. कंडक्टरचा हात हवेतच राहिला.

"वाजवा," मी म्हटलं.

त्याने दोनदा वाजवली. सवयीनेच, दोन घंट्या म्हणजे चला. आणि ती चालली. सरळ. त्याच्या छातीला नाक टेकेपर्यंत.

तो तसाच उभा. हळूच म्हणाला, "वहीताई, ही माझ्याकडे तिकीट मागतेय."

तेव्हापासून घंटी आलटूनपालटून आम्ही दोघं वाजवतो. ती मागे येते. भराभर चाललं तर गांगरते. फार थांबलं तर पुन्हा गोल फिरायला लागते. दहा पावलं, मग थांबायचं, तिचा श्वास मानेवर आला की पुढे. गाढवाने तिला असंच शिकवलं असणार, की तिने त्याला. काल अर्धी पेंढी खाल्ली. आज पाणी स्वतः बादलीत तोंड घालून प्यायली. पण घंटी थांबली की खाणंही थांबतं. एक माणूस जन्मभर घंटी वाजवत बसणार नाही, आणि डॉक्टरांच्या यादीवर "घंटी" असा रकाना नाही. "मॅडम, छावणीत कोण वाजवणार?" ते म्हणतात. बरोबर म्हणतात.

म्हणून विचारते. गाढव मागत नाही. अर्जात तू लिहिलंस, एकच. दोन चालतील का?

नाही म्हणालास तरी मला समजेल. फक्त बुधवारच्या आधी म्हण.

ताई


बुधवार, २० तारीख

धाकट्या,

हे टेम्पोत देत नाही. टेम्पो अजून आलेला नाही. हातांना काम हवं म्हणून लिहितेय.

सकाळी सहापासून गाड्या भरतोय. दहा फलाट रिकामे झाले. पाणी मारून धुतले. बसगाड्यांचे लोक येऊन खांबांवरचे आमचे कागद काढतायत. चार इंजेक्शनं झाली. मी हजर होते.

मग डॉक्टर सहाव्या फलाटाकडे आले. पेटी उघडी होती.

मी म्हटलं, "एक दिवस थांबा."

ते म्हणाले, "सही तुमचीच आहे, मॅडम."

मी यादी मागून घेतली आणि पाचवी ओळ खोडली. पेनाने. बाजूला सही केली, वेळ लिहिली. वरून विचारणा होईल. होऊ दे.

"कुणी घेणार आहे का हिला?"

"माहीत नाही."

"मग उद्या काय बदलणार?"

"ते उद्या कळेल."

त्यांनी पेटी मिटली. म्हणाले, "उद्या नऊला इथे बस लागणार आहे. साडेआठपर्यंत मी आहे."

कंडक्टर म्हणाला, "लागू दे बस. माझ्याशिवाय सुटते का बघतो." पण तोही माझ्याकडे बघत नव्हता.

टेम्पो आला. थांब.

चिठ्ठी आहे.

"ओढ्यावरचा पूल कालपासून जड गाड्यांना बंद आहे. टेम्पो वळणापर्यंतच येईल. पुढे चार किलोमीटर चालावं लागेल. वाट उजवीकडची धरा, डावीकडे खडी आहे."

एवढंच आहे. पाठ बघितली. तिथे काही नाही.

कंडक्टरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हो कुठे म्हणालाय?"

मी म्हटलं, "खडी कुठे आहे ते सांगितलंय."


गुरुवार, २१ तारीख. तुझ्या पायरीवरून

धाकट्या,

तू गोठ्यापाशी आहेस. इथून वीस पावलं असतील. मला दिसतोयस, पाठमोरा. तरी लिहितेय, कारण तोंडाने सुरुवात कशी करायची ते येताना चार किलोमीटर ठरवत होते आणि ठरलं नाही.

घोडी टेम्पोत चढली. मी आधी चढले, घंटी वाजवली, ती आली. डॉक्टर बघायला थांबले होते. त्यांनी फळी उचलायला हात लावला. कंडक्टरने घंटी माझ्या उजव्या मनगटाला बांधून दिली, वाटेत हातातून पडली तर पंचाईत म्हणून. दोन गाठी मारल्या. मग टेम्पोच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली.

वळणावर उतरलो. उजवीकडची वाट धरली. दहा पावलं चालायचं, थांबायचं, मागे बघायचं. पहिल्या अर्ध्या तासात मला कळलं की मागे बघण्याची गरज नाही, ती येतेय हे ऐकू येतं. तरी बघत होते. न बघता थांबताच येत नाही. पुलावर तिने लाकडावर खूर ठेवला आणि अडली. मी हात हलवत उभी राहिले. किती वेळ, माहीत नाही. खाली पाणी अजून गढूळ आहे. मी बोलले तिच्याशी. तुझं नाव घेऊन बोलले, तिचं मला माहीत नाही.

तुझं फाटक दिसलं तेव्हा खांबाकडे आधी बघितलं. फाटक उघडं होतं.

मग आतून ते ओरडलं. तू पाहिलंसच. घोडीचा कान माझ्या घंटीवरून निघून गेला. ती मला खांद्याने बाजूला सारून पुढे झाली, न दिसणारी, आणि धावली म्हणता येणार नाही, पण चालत नव्हती. गाढव दाव्याच्या टोकापर्यंत आलं. तिने हनुवटी त्याच्या पाठीवर ठेवली. दोघं उभी राहिली. इतके दिवस ती हलत होती, आज पहिल्यांदा उभी राहिलेली बघितली.

तू दावं सोडलंस. दोन बादल्या होत्या, दोन्ही भरलेल्या. म्हणजे काल रात्री नाही तर आज पहाटे तरी भरल्यास.

मला म्हणालास, "बस तिथे." पायरीकडे बोट केलंस. नऊ वर्षांनी दोन शब्द, चिठ्ठीतल्याएवढेच. मी बसले. खूप दिवसांनी बसले आहे.

शेळ्यांचा गोठा तसाच आहे. रिकामा, पण झाडलेला. ते बघितलं. त्याबद्दल काही लिहीत नाही. लिहून झालंय, उरलं ते बोलायचं आहे.

एक अडचण आहे. लिहिताना हात हलतो आणि मनगटावरची घंटी वाजते. त्या दोघांना तिचं आता काही नाही, दोघंही खातायत. पण दर ओळीला वाजते, आणि तू तीनदा मागे वळून बघितलंस.

चौथ्यांदा बघितलंस की मी कागद खाली ठेवून हात पुढे करणार आहे. कंडक्टरची गाठ आहे. एका हाताने सुटत नाही.

ताई